पाण्यावरची साय

मनवा पायरीवर आली की हौदातल्या पाण्यावरची साय आधी आक्रसायची आणि मग सैल पडायची. तान्ह्या बाळाच्या पोटावर गार हात ठेवला की ते करतं ना, तसं. मनवा पाऊल बुडवायची. साय तिच्या घोट्याभोवती अलगद फाटायची आणि पाय पुढे सरकला की मागे जुळून यायची. शिवण दिसायची नाही. काठावर पाय सोडून बसलेली साजिरी दर वेळी म्हणायची, "बघ, तुला ओळखते ती."

सात वर्षांच्या पोरीला त्याचं भारी कौतुक होतं. मनवा हसायची. साय तिला ओळखत होती हे खरंच होतं. दुसऱ्या कुणाला ओळखत नव्हती हेही खरं होतं, आणि त्यापायी गेल्या तीन दिवाळ्या तिला माहेरी राहायला जाता आलं नव्हतं.

हौद बांधला तो साजिरीसाठी. तिच्या पायांचे स्नायू जन्मापासून दुबळे. जमिनीवर तिला दोन्ही पायांना पट्ट्या बांधून, भिंत धरून चालावं लागे. कोमट पाण्यात मात्र ती नुसती चालायची नाही, गिरक्या घ्यायची, बापाचे हात धरून फुगडी घालायची, कारण तिचं निम्म्याहून अधिक ओझं पाणीच उचलायचं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की पाणी अंगाच्या उबेइतकं कोमट हवं आणि रोज हवं. चार दिवस खंड पडला तर आखडलेले पाय सोडवायला महिना जातो. मनवाचा नवरा शार्दूल पाचगणीतल्या एका निवासी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. त्याने घरामागच्या जांभ्यात तीन पलंग मावतील एवढा हौद खोदून घेतला.

पण पाचगणीत हौद तापता ठेवायचा म्हणजे वाऱ्याला जेवू घालण्यातला प्रकार. त्यात सरकारने घरगुती तलावांची वीज चैनीच्या दरात टाकली. उपचारासाठी सवलत होती, पण ती इस्पितळांना, घरांना नाही. शार्दूलने सगळे उपाय केले. हवेतली ऊब ओढून पाण्यात सोडणारा पंप बसवला. गाळणीचा पंप संथ केला आणि दुपारच्या स्वस्त विजेवर चालवायला लागला. वाऱ्याच्या बाजूला बांबूची दाट भिंत लावली. वर अंथरायला जाड प्लास्टिकचं पांघरूणही आणलं, पण एकदा ते अर्धवट ओढलेलं असताना साजिरी त्याच्याखाली शिरली आणि मनवाने तिला ओढून बाहेर काढलं. पांघरूण त्याच दिवशी भंगारात गेलं. विजेचं बिल मात्र शार्दूलच्या पगाराला झेपेना.

का एवढी वीज लागते, असं कुणी विचारलं की शार्दूल चहाच्या बशीपासून सुरुवात करायचा. बशीत ओतलेला चहा कपातल्या चहाच्या आधी का निवतो? तर पाणी निवतं ते मुख्यतः वरच्या अंगाने. पृष्ठभागावरचा कण वाफ होऊन उडतो तेव्हा जाताना खालच्या पाण्याची ऊब सोबत नेतो, आणि वारा सुटला की असे कण उडायला टपूनच बसलेले असतात. भिंतींतून, तळातून जाणारी ऊब त्यामानाने थोडी. म्हणजे हौद तापवण्याचा खर्च हा खरं तर हौदाला झाकण नसण्याचा खर्च असतो.

ते झाकण एका कंपनीने जिवंत बनवलं. साचलेल्या पाण्यावर काही जिवाणू एक पातळ थर विणतात. त्या थरातून पाणी आरपार जात नाही. दुसरे काही जिवाणू माणसाच्या कातडीवर राहतात आणि तिच्यातल्या स्निग्धतेवर जगतात. या दोघांचे गुण एकाच जीवात आणले. तो हौदात सोडला की पाण्यावर डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी, मोतिया झाक असलेली साय धरायची. ऊन आत यायचं, वाफ बाहेर जायची नाही. माणूस आत शिरला की साय फाटायची, त्याच्यामागे मिटायची, आणि त्याच्या अंगावरून जे काही पाण्यात उतरेल ते खाऊन स्वतःला पुन्हा विणायची. पाणीही त्यामुळे स्वच्छ राहायचं, गाळणीचा पंप नावापुरता चालवला तरी भागायचं. पथ्य एकच होतं. बाहेरचं तेल चालत नव्हतं. तेलाचा थेंब पाण्यावर पसरत जातो, आणि पसरताना सायीला रेटत, फाडत जातो.

सायीची पुडी आली तेव्हा साजिरी चार वर्षांची होती. सोबतच्या सूचना मनवाने वाचल्या होत्या, हे तिला नंतर स्वतःलाच हजारदा सांगावं लागलं. बादलीभर कोमट पाण्यात पूड कालवा, हातमोजे घाला, दिलेली कांडी वापरा, आणि पहिला आठवडा घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने हौदात उतरा, म्हणजे सायीला सगळ्यांची सवय होईल. पण बादलीतलं ते पांढरट, कोमट पाणी इतकं विरजणाच्या दुधासारखं दिसत होतं की हात आपोआप आत गेला. त्या वेळी फोनवर समोर तिची आई होती. हर्णैच्या घरात पडवीत बसून लेकीचा हा नवा उद्योग बघत होती.

"कांडी कसली ढवळतेस गो," आई म्हणाली. "बोट घाल. हाताची ऊब लागल्याशिवाय विरजण लागतं का कधी?"

दोघी हसल्या होत्या. मनवाने मोजे काढले आणि कोपरापर्यंत हात घालून बादली ढवळली. त्याच आठवड्यात साजिरीला ताप आला, शार्दूल परीक्षांच्या धबडग्यात अडकला, आणि हौदात उतरली ती एकटी मनवा.

पहिले काही महिने घरात सण होता. तापवणारा पंप दिवसचे दिवस मुका असायचा. शाळेतले शिक्षक हौद बघायला यायचे, हात घालून बघायचे, शार्दूल त्यांना बशीतला चहा आणि साय समजावून सांगायचा. "आमच्याकडे हीटर नाही, मनवा आहे," हा त्याचा ठरलेला विनोद होता. एकदा तिला फ्ल्यू झाला, अंग भाजत होतं तरी ती उतरली, तेव्हा तो म्हणाला होता की आज तर पाणी दुप्पट तापेल. तेव्हा ती हसली होती. तोवर त्यांना काहीच माहीत नव्हतं.

माहीत झालं ते मनवा मावसबहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला दोन दिवस राहून आली तेव्हा. परतली तर हौदाला आंबूस वास येत होता. साय पिवळी पडून तिच्या गुठळ्या झाल्या होत्या, नासलेल्या दुधासारख्या. पाणी गार. शार्दूल दोन्ही दिवस नेमाने पोहला होता, त्याचा काही उपयोग झाला नव्हता. मनवा साडी सोडून तशीच पाण्यात उतरली आणि दिवसभर उभी राहिली. साय परत धरेपर्यंत आठवडा गेला. तेवढ्यात साजिरीचे पाय आखडले, आणि पट्टी बांधताना ती ज्या आवाजात रडली तो आवाज मनवाच्या कानातून आजवर गेलेला नाही.

कंपनीतून उपासनीबाई म्हणून एक शास्त्रज्ञ आल्या. त्यांनी नमुने घेतले आणि नाइलाजाने सांगितलं. प्रत्येक माणसाच्या कातडीवरची जिवाणूंची वस्ती निराळी असते. साय पहिल्या आठवड्यात ज्या वस्तीवर पोसते तिचीच होऊन बसते. सगळे उतरले असते तर तिने सगळ्यांना धरलं असतं. तिने मनवाला धरलं आहे. रोज सकाळ-संध्याकाळ ती उतरली तर साय कितीही वर्षं टिकेल. नाही उतरली तर नाही. नवी पुडी? बाईंनी मान खाली घातली. कंपनी विकली गेली होती आणि नव्या मालकाने घरगुती विभाग बंद केला होता.

मग घराला नवं वळण लागलं. मनवा शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. मुंबईला प्रकाशकाकडे जाणं बंद झालं, मग चांगली कामंही हळूहळू दुसऱ्यांकडे गेली. मैत्रिणी सहलींची आमंत्रणं द्यायच्या, ती म्हणायची, मला नाही जमायचं, घरी कुणीतरी लागतं. पुढे त्यांनी विचारणं सोडलं. पाळी असो, सर्दी असो, बाहेर दहिवर गोठवणारी थंडी असो, दोन्ही वेळा ती पाण्यात. साय तिच्या अंगातली स्निग्धता ओढून घ्यायची. तळहात फुटले, कोपरं खरवडल्यासारखी झाली, केस वाळक्या गवतासारखे. डोक्याला, अंगाला तेल लावायची सोय नव्हती, तिलाही नाही आणि साजिरीलाही नाही. दिवाळीत आजूबाजूच्या घरांतून पहाटे उटण्याचा, तापल्या तेलाचा वास यायचा आणि या घरात कोरड्या अंगाने आंघोळी व्हायच्या. आई दरवर्षी स्वतःच्या माडांचं खोबरेल काढून बाटली पाठवायची. त्या बाटल्या मनवाने कपाटात, साड्यांच्या मागे ठेवल्या होत्या. थंडीने तेल गोठून पांढरंशुभ्र झालं होतं.

आई इकडे येऊ शकत नव्हती. तिची फुप्फुसं कमजोर होती, घाट चढून पाचगणीच्या वाऱ्यात येणं तिला डॉक्टरांनी साफ मना केलं होतं. साजिरीला पाण्याविना चार दिवसही दूर ठेवता येत नव्हतं. मायलेकी फोनवर भेटायच्या. आई कधीही ये म्हणाली नाही. जमेल तेव्हा ये, असं म्हणायची, आणि ते जास्त लागायचं. पुन्हा वर हसून जुनी गोष्ट सांगायची. "तुला मी ओहोटीला खडकातल्या डबक्यात सोडायचे. भरतीचं पाणी अडकतं ना त्यात, दुपारपर्यंत असं तापायचं की वर चहापत्ती टाकावी. तुला वाढवायला विजेचं बिल नाही आलं हो कधी."

या हिवाळ्यात आईच्या शेजारणीचा, बर्वेकाकूंचा, फोन आला. आईला आता घरीच प्राणवायूचं यंत्र लावलं होतं. डॉक्टर दापोलीहून येऊन बघून जात होते, आणि थंडी सरेपर्यंत काही सांगता येत नाही म्हणत होते. आईने मनवाला कळवू नका असं बजावलं होतं, पण काकूंना राहवलं नाही.

शार्दूलने नकाशा काढला, वेळा जुळवल्या. सकाळचं उतरणं उरकून निघालीस तर दुपारी पोचशील, आणि लगेच निघालीस तर संध्याकाळचं थोडं उशिरा का होईना होईल. तो मनापासून मदत करत होता. मनवा ओल्या केसांनी गाडीत बसली.

पोचली तेव्हा आईला औषधाची गुंगी होती. नाकाला नळी, कोपऱ्यात यंत्राची घरघर. मनवा उशाशी बसून राहिली. खिडकीतून समुद्राचा आवाज येत होता आणि ती घड्याळाकडे बघत होती, आईकडे कमी. निघायला उठली, गाडीची किल्ली हातात घेतली, तेव्हा आईने डोळे उघडले.

"आलीस?" आई म्हणाली. "बस की जरा."

"निघायचंय गं."

आईने हात पुढे केला आणि मनवाचा तळहात आपल्या हातात घेऊन भेगांवरून अंगठा फिरवला. "तेल लावत नाहीस? मी पाठवते ते संपलं का?"

"संपलं," मनवा म्हणाली.

"काकूंना सांगते. दुसरं देतील."

मनवा बाटली घेऊन निघाली. अख्ख्या घाटात ती रडली नाही. परतल्यावर हौदात उतरली, मानेपर्यंत बुडाली, आणि मग रडली, कारण एवढ्या एकाच ठिकाणी तिचा चेहरा ओला असणं कुणाच्या नजरेत येत नव्हतं. साय तिच्या गळ्याभोवती मिटली होती. मागच्या दाराच्या जाळीआड साजिरी भिंत धरून उभी आहे, हे तिने पाहिलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांत साय बदलली. मनवाच्या आधी ते तिच्या पायांना समजलं. पाऊल टाकलं तर साय आक्रसली आणि तशीच राहिली. ती अंगाभोवती फाटली खरी, पण मागे जुळायला वेळ लावू लागली, परक्या माणसामागे लावते तसा. मनवाला वाटलं साय आजारी आहे, किंवा आपण. मग एका दुपारी काठावर बसलेल्या साजिरीने पाण्यावर नुसता हात धरला, बुडवलाही नाही, आणि हौदाच्या पलीकडच्या कडेपासून मोतिया झाक थरथरत तिच्या तळव्याखाली येऊन थांबली.

साजिरीने आईकडे पाहिलं. पकडलं गेल्याचं भय तोंडावर होतं आणि त्याच्या मागे आनंद मावत नव्हता.

"मी विरजण लावलं," ती म्हणाली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिने वाटीत थोडी साय काढली होती. बोटाने ढवळली, आई दह्याला ढवळते तशी. वाटी पोटाशी धरून दुलईत बसली, मग वाटीतलं परत हौदात सोडलं. रोज दुपारी, मनवा चित्रांना बसली की. मधल्या वेळी नुसता हात पाण्यात घालून पालथी पडून राहायची. "आता तू आजीकडे जा," ती म्हणाली. "कितीही दिवस जा. मी राहीन हिच्याजवळ."

मनवाने लेकीला उचलून कडेवर घेतलं, एवढी मोठी झाली होती तरी.

शार्दूलला शास्त्र लगेच उमगलं. त्याने स्वतः कितीदा असं करून पाहिलं होतं, साय त्याला कधी वश झाली नव्हती. पण मूल जन्मतं तेव्हा आईच्या अंगावरची वस्ती घेऊनच जन्मतं. सायीला साजिरी परकी वाटलीच नसणार. थोडी निराळी, कोवळी मनवाच वाटली असणार. त्या दिवशी तो बऱ्याच काळाने मोकळा हसला. तो म्हणाला की विचार कर, ती तशीही रोज पाण्यात असतेच. तिला पाणी लागतं, पाण्याला ती. तू मोकळी. उद्या निघ, महिनाभर राहा आईजवळ.

त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती, आणि मनवाला त्याचीच भीती वाटली. तिने बॅग भरायला घेतली. खरंच घेतली. साड्यांच्या मागच्या बाटल्या हाताला लागल्या तेव्हा थांबली, मग पुन्हा घड्या घालायला लागली. आई दिसत होती, नळी लावलेली, हात पुढे केलेली. आपण पोचलो नाही तर, हा विचार तिने कधी पूर्ण होऊ दिला नव्हता. आता तो पूर्ण करायची गरज उरली नव्हती. एक लहान मुलगी तेवढी इथे ठेवून जायची होती.

त्याच संध्याकाळी साजिरीच्या वर्गातल्या मुलीची आई येऊन गेली. भिलारला त्यांचा स्ट्रॉबेरीचा मळा होता. शनिवार-रविवार साजिरीला पाठवा, आम्ही उचलून नेऊ, सांभाळू, असं त्या आग्रहाने सांगत होत्या. मनवा हो म्हणणारच होती. तेवढ्यात साजिरीने पुढ्यातल्या चित्रातून मान वर केली आणि शांतपणे, मोठ्या बाईसारखं सांगितलं, "मला नाही जमायचं काकू. घरी कुणीतरी लागतं."

शब्द मनवाचेच होते. सूरही तिचाच, मान किंचित कलती करण्याची लकबही. त्या बाई कौतुकाने हसल्या. मनवाने लेकीचा हात उचलून उलटा केला. बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, पहिली बारीक भेग उमटली होती.

रविवारी सकाळी तिने कपाटातून बाटली काढली. गोठलेलं तेल उन्हात ठेवलं, मग गरम पाण्याच्या पातेल्यात धरलं. ते कडेकडेने वितळत गेलं आणि स्वयंपाकघरात हर्णैचा वास दरवळला. पाट मांडला, साजिरीला त्यावर बसवलं. साजिरीने विचारलं, आज दिवाळी आहे का? मनवाने नकारार्थी मान हलवली. टाळूवर तेल थापलं, पाठीला लावलं, मग त्या बारीक पायांना, पोटऱ्यांपासून टाचांपर्यंत, आई तिला लावायची तशी लांब, जोरकस हाताने. साजिरीने डोळे मिटून घेतले.

शार्दूल वासानेच आला. दारात थबकला. बाटलीकडे, मग मनवाकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं.

"परत मिळणार नाही साय," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"हिचे पाय आखडले तर?"

मनवाने हातावर आणखी तेल घेतलं. "आखडतील कदाचित. मग आपण सोडवू, दोघं मिळून, जेवढे सुटतील तेवढे. पण तिच्या जन्माला ही साय बांधायची नाही. तिचे पाय बरे झाले, तिला कुठे जावंसं वाटलं, तर कुठे जाईल रे ती?"

शार्दूलची नजर बाटलीवर गेली. मनवाला वाटलं आता तो बाटली उचलून नेईल, आणि नेली असती तर त्याला अडवण्याचं बळ आपल्यात होतं की नाही हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तो खाली बसला. साजिरीचा दुसरा पाय मांडीवर घेतला आणि खोलगट हातात तेल ओतलं. त्याचा जबडा आवळलेला होता. तेल मात्र तो नीट लावत होता, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.

साजिरीला त्यांनी सांगितलं, काय होणार ते सगळं. ती खूप रडली. सायीला दुखेल का, असं विचारलं. शार्दूल म्हणाला, तिला दुखणं कळत नाही. मग तिला आई कशी कळते, असं साजिरीने विचारलं.

तेलाने न्हालेल्या लेकीला कडेवर घेऊन मनवा हौदात उतरली. साय दोघींकडे धावली, अगदी आपल्या माणसांकडे धावावं तशी, आणि अंगाला भिडताच मागे सरली. तेलाचं रंगीत वर्तुळ पसरत गेलं. त्याच्या कडेला साय चुण्या पडत गोळा होत होती, पुन्हा पुढे येऊ बघत होती, पुन्हा ढकलली जात होती. शेवटी बांबूच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात तिची एक पांढरट रेघ तेवढी उरली. आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा हौदावरून वाफ उठली. वाऱ्याने ती लगेच उडवून नेली. घरामागे तापवणारा पंप घरघरत चालू झाला. शार्दूल जाऊन तो बंद करून आला.

दोन दिवसांनी सगळी हर्णैला निघाली. शार्दूलने शाळेतून रजा काढली होती. तिथे पोचल्यावर पहिले दिवस वाईट गेले. साजिरीच्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या, पट्ट्या बांधताना ती ओठ चावायची, आणि मनवा बाहेर पडवीत जाऊन उभी राहायची. आपण काय करून बसलो, असं तिला दिवसातून कितीदातरी वाटे. आई खाटेवरून सगळं बघत होती. एका सकाळी तिने आपली खुर्ची आणि यंत्र किनाऱ्यावर न्यायला फर्मावलं. यंत्राला बॅटरी होती, शार्दूलने ते खांद्याला लावलं.

ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. काळ्या खडकांत जागोजागी पाणी अडकून राहिलं होतं आणि ऊन डोक्यावर आलं होतं. आईने बोट दाखवलं ते डबकं मनवाच्या कमरेइतकं खोल होतं, तळाला वाळू. तिने हात घातला. चहापत्ती टाकण्याइतकं नाही, पण कोमट होतं, चांगलं कोमट. शार्दूलने सवयीने मनगटावरच्या मापकाने तापमान पाहिलं. हौदापेक्षा थोडं कमी, असं म्हणाला, मग पुन्हा बघून म्हणाला, थोडंच.

साजिरीला त्यांनी आत सोडलं. ती खडक धरून उभी राहिली, सावकाश, चेहरा वेडावाकडा करत. मग पाण्याने तिचं ओझं उचललं तसा चेहरा निवळत गेला. तिने पाण्यावर तळवा फिरवून पाहिला, ओंजळ भरली, बोटांतून गळू दिली.

"इथे साय नाही धरत?"

"नाही," मनवा म्हणाली.

"मग भरती आली की हे पाणी जाईल."

"जाईल. उद्या दुसरं येईल."

साजिरी लांब, फेसाच्या रेघेकडे बघत राहिली. खुर्चीतून आजीने नळी सारखी केली आणि श्वास गोळा करून म्हणाली, "मग आहे तोवर चाल की गो."

साजिरीने खडकावरचा हात सोडला.